देवचाराची राखणदारी : ग्राहकाच्या नजरेतून

तळकोकणात आणि गोव्यात गावाची वेस राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या देवचार या राखणदार भुताकडे आहे. जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शाळामास्तरांकडून जमवलेली कोकणातील भुताखेतांची माहिती त्यांच्यासारखेच अधिकारी असलेल्या एन्थोव्हेन यांनी १९१५ साली छापली खरी. परंतु सेवेबद्दल ग्राहक समाधानी आहेत काय, हे विचारायचे तेव्हापासून राहूनच गेले आहे.

खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी आणि पायांत वहाणा असा देवचाराचा गणवेश सांगतात. काठीच्या आवाजाने चोर आधीच सावध होतो, हा आक्षेप वरवरचा आहे. तो आवाज ऐकूनही जो कलमांच्या बागेत थांबतो, तो चोर नसून बाहेरगावचा पाहुणा असतो. हजेरीपुस्तक नाही. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात आणि त्यांचे तळ झिजले की देव रात्री गावभर फिरला असे मानतात. वेतोबा हा देव, त्याला देवचाराच्या पंगतीला बसवणे योग्य नव्हे. पण झिजलेल्या तळाइतका चोख हजेरीपट मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मोबदला, म्हणजे ‘राखण’, माफक आहे : वर्षाकाठी नारळ, रोट, बहुतेक ठिकाणी कोंबडा, कुठे विडी आणि गोव्यात दारूचा घोट. करार तोंडी असतो. गाऱ्हाणे, म्हणजे सामूहिक विनवणी, घालणारा एकेक कलम उच्चारतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक कलमाला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. अटी न तपासता मान्य करण्याची ही रीत मोबाईलच्या फार आधीची आहे. चकवा लागून रात्रभर एकाच माळावर फिरणाऱ्याला घरापर्यंत पोचवण्याचे काम देवचार याच मोबदल्यात करतो. पाणवठ्यावरचे भूत गिऱ्हा, तोही वाट दाखवतो, मात्र ती डोहात जाते. त्याची शिफारस करता येत नाही.

तक्रार आहे ती वसुलीबद्दल. मुंबईकर चाकरमानी राखण द्यायला विसरला की स्मरणपत्र येत नाही. एके संध्याकाळी म्हैस गोठ्यात परतत नाही, एवढेच. ही थकबाकीची नोटीस आहे की म्हैस शेजाऱ्याच्या वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातशेतीत, शिरली आहे, हे ठरवण्यासाठी कौल लावणाऱ्या घाड्याकडे जावे लागते, आणि घाड्याची दक्षिणा मूळ करारात धरलेली नसते.