अभिनयावरचं पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं? स्तानिस्लाव्हस्की, हागेन, मायकेल चेखव्ह, जॉनस्टन की नाट्यशास्त्र

कॉलेजच्या एकांकिका करून झाल्या, राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात जरा मोठी भूमिका मिळाली, की नटाला वाटायला लागतं की आता काहीतरी वाचलं पाहिजे. ज्येष्ठ मंडळी हमखास रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचं नाव सांगतात. पुस्तक आणलं जातं, सुरुवातीची काही प्रकरणं उत्साहाने वाचली जातात, आणि तालीम जोरात सुरू झाली की ते उशाशी पडून राहतं. यात वाचणाऱ्याचा दोष नाही. तुम्ही नेमके कुठे अडलाय, हे न विचारताच पुस्तक सुचवलेलं असतं.

माझं मत आधीच सांगते. आधुनिक, घरगुती, वास्तववादी नाटकात काम करणाऱ्या नटाने पहिलं पुस्तक उटा हागेनचं घ्यावं. स्तानिस्लाव्हस्की नंतर, आणि घेतला तर दोन्ही भाग मिळून. निकष एकच: उद्याच्या तालमीत करून बघता येईल असं काम ते पुस्तक देतं का? अभिनयाविषयी सुंदर बोलणारी पुस्तकं खूप आहेत. इथे ती बाजूला ठेवली आहेत.

तुलनेसाठी एक छोटा प्रसंग धरू. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मुलगा घरी येतो. त्याची नोकरी जाऊन आठवडा झालाय, घरी अजून सांगितलेलं नाही. वडील जागेच आहेत. संहितेत मुलाला दोनच वाक्यं आहेत: "बाबा, झोपला नाहीत अजून?" आणि "जेवलोय मी." ही दोन वाक्यं घेऊन प्रत्येक पुस्तकाकडे जायचं.

स्तानिस्लाव्हस्कीपासून सुरुवात करू, कारण बाकीचे बहुतेक त्याच्याशी भांडत किंवा त्याला धरून उभे आहेत. 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' हे एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात लिहिलंय. कोस्त्या हा विद्यार्थी, तोर्त्सोव्ह त्याचा गुरू. पहिल्याच प्रकरणात कोस्त्या घरी एकट्याने ऑथेल्लो बसवतो, चेहऱ्याला चॉकलेट फासतो, आरशासमोर वाघासारखा वावरतो. प्रयोगात सगळं फसतं, फक्त एका किंकाळीच्या वेळी काहीतरी खरं घडून जातं. नवशिक्या नटाचं इतकं प्रामाणिक चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल. मारियाचा प्रसंगही असाच. पडद्याच्या चुणीत पिन खोचून ठेवली आहे, ती सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल, असं तोर्त्सोव्ह तिला सांगतो. ती रंगमंचावर धावते, छाती पिटते, व्याकूळ होते आणि पिन शोधायचीच विसरते. दुसऱ्यांदा ती खरोखर शोधते, आणि बघणारे तिच्यावरची नजर हलवत नाहीत. तालमीत कुणी "फील येत नाहीये" म्हणालं की त्याला हे पान वाचायला द्यावं.

आपल्या प्रसंगाला हे पुस्तक विचारेल: दिलेली परिस्थिती काय? जर खरंच तुझी नोकरी गेली असती, तर तू दार कसं उघडलं असतंस? या क्षणी तुला हवंय काय? उत्तर क्रियापदात द्यायचं. 'दुःखी असणं' चालत नाही. 'वडिलांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आत आपल्या खोलीत पोचणं' चालतं. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

अडचण वेगळीच आहे, आणि ती पुस्तकाच्या इतिहासात आहे. स्तानिस्लाव्हस्कीच्या मनात एकच मोठं काम होतं: नटाची आतली तयारी आणि बाहेरची तयारी, दोन्ही मिळून. इंग्रजीत एलिझाबेथ हॅपगुड यांच्या अनुवादात पहिला भाग आला 1936 साली. आवाज, उच्चार, लय, हालचाल, पेहराव यांवरचा दुसरा भाग, 'बिल्डिंग अ कॅरॅक्टर', आला 1949 साली. मधली 13 वर्षं जगभरच्या इंग्रजी वाचणाऱ्या नटांनी अर्धाच स्तानिस्लाव्हस्की वाचला, आणि तोच पूर्ण समजून शिकवलाही. आपल्याकडे अजूनही पहिलाच भाग हाती दिला जातो. परिणाम कुठल्याही स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दिसतो: नट आतून पेटलेला आणि शेवटच्या रांगेला शब्द ऐकू येत नाही. भावना खरी, पण वाक्याचा शेवट गिळलेला. दुसरा भाग वाचला असता तर स्तानिस्लाव्हस्कीनेच कान धरला असता.

त्यामुळे इंग्रजीत घ्यायचंच तर जीन बेनेडेटी यांचा 2008चा अनुवाद घ्या. त्यात दोन्ही भाग एकत्र आहेत. सातशेच्या आसपास पानांचा ठोकळा आहे, पण भाषा मोकळी आहे. हॅपगुडमधला 'ऑब्जेक्टिव्ह' इथे साधा 'टास्क' होतो, आणि नटाला कामच हवं असतं, तत्त्व नको. मराठीत वाचायचं तर के. नारायण काळे यांची 'अभिनय साधना' आणि 'भूमिका शिल्प' आहेत. गावच्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा. एकच मिळालं तर दुसरं मिळेपर्यंत शोध सोडू नका.

आता हागेन. 'रिस्पेक्ट फॉर ॲक्टिंग', 1973. या बाईंनी 1962 साली ब्रॉडवेवर 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' मधली मार्था पहिल्यांदा उभी केली आणि न्यूयॉर्कच्या एचबी स्टुडिओत कित्येक दशकं शिकवलं. रात्री प्रयोग आणि दिवसा वर्ग करणाऱ्या माणसाचं हे पुस्तक आहे आणि ते पानोपानी जाणवतं. फापटपसारा नाही. मी कोण? वेळ कोणती? मी कुठे आहे? माझ्याभोवती काय आहे? परिस्थिती काय? समोरच्याशी नातं काय? मला काय हवंय? आड काय येतंय? ते मिळवण्यासाठी मी काय करते? हे नऊ प्रश्न तालमीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

मात्र खरा ऐवज मधल्या भागातल्या अभ्यासांत आहे. त्यातला प्रवेशाचा अभ्यास घ्या. विंगेतून येण्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या: आत्ता मी काय करून आलो, या क्षणी काय करतोय, आणि आत गेल्यावर पहिली हवीशी गोष्ट कोणती. आपल्या मुलाला हे लावून बघा. तो स्टेशनवर दोन गाड्या सोडून मुद्दाम उशिरा आलाय. आत्ता तो लॅचची किल्ली आवाज न करता फिरवतोय. आत शिरल्यावर त्याला वडिलांच्या खोलीचा दिवा बंद दिसायला हवाय. आता "बाबा, झोपला नाहीत अजून?" हे वाक्य म्हणून बघा. सूर आपोआप बदलतो, कारण दिवा चालू आहे. दिग्दर्शकाला "थोडं दचकून घे" म्हणावं लागत नाही.

दुसरा अभ्यास चौथ्या भिंतीचा. प्रेक्षकांच्या बाजूच्या रिकाम्या जागेत नटाने ओळखीच्या वस्तू मांडायच्या, खिडकी, कॅलेंडर, घड्याळ, आणि फोनवर बोलताबोलता नजर सहज तिथे जाऊ द्यायची. दिवाणखाना, सोफा आणि तीन भिंती एवढ्यात आपली निम्मी नाटकं घडतात. तरी 'समोर बघ' म्हटलं की नट एकतर प्रेक्षकांच्या डोक्यांवरून शून्यात बघतात किंवा पहिल्या रांगेतल्या परीक्षकांकडे. या एका प्रकरणासाठीसुद्धा पुस्तक घ्यावं.

उणिवा आहेत. उदाहरणं बहुतेक अमेरिकन घरातली आणि पाश्चात्त्य नाटकांतली. संगीत नाटक, लोकनाट्य, वगनाट्य करणाऱ्याला यातलं फार थोडं लागू पडेल. आवाजासाठीही दुसरीकडे जावं लागेल. स्वतःच्या आयुष्यातली माणसं आणि प्रसंग भूमिकेत वापरण्याविषयी त्या जे सांगतात ते जपून वाचा. 1991च्या 'अ चॅलेंज फॉर द ॲक्टर' मध्ये त्यांनी स्वतःच ही मांडणी नव्याने केली आहे. तो ग्रंथ जास्त सखोल आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला पहिलाच बरा.

मायकेल चेखव्हचं 'टू द ॲक्टर' (1953) वेगळ्या प्रकृतीच्या नटासाठी आहे. अंतोन चेखव्हचा हा पुतण्या मॉस्को आर्ट थिएटरमध्ये स्तानिस्लाव्हस्कीच्या हाताखाली घडला आणि पुढे त्याच्यापासून वेगळा झाला. खासगी आठवणी उकरण्यापेक्षा कल्पनाशक्ती आणि शरीर यांवर त्याचा भरवसा. भूमिकेचा सगळा हेतू एका मोठ्या शारीरिक कृतीत पकडायचा, ती कृती पूर्ण अंगाने अनेकदा करायची आणि मग रंगमंचावर ती आत ठेवून वावरायचं, ही त्याची मुख्य युक्ती. आपला मुलगा दोन्ही हातांनी छातीशी काहीतरी घट्ट लपवत मागे मागे सरकतोय, असं दहा वेळा करून मग "जेवलोय मी" म्हणा. ज्यांना प्रश्नोत्तरांनी डोकं जड होतं, जे नाचातून किंवा खेळातून नाटकात आलेत, त्यांना हेच पुस्तक आधी द्यावं. बाकीच्यांना काही पानं धूसर वाटतील.

उत्स्फूर्त अभिनय शिकवणाऱ्या कीथ जॉनस्टनचं 'इम्प्रो' (1979) मला या सगळ्यांत सर्वाधिक आवडतं, तरी पहिलं म्हणून मी ते सुचवत नाही. त्यातलं स्टेटसवरचं प्रकरण मात्र कुठूनही मिळवून वाचा. दोन माणसं समोरासमोर आली की कोण वर, कोण खाली, हा व्यवहार क्षणोक्षणी चालू असतो, आणि नटाने आपलं स्थान समोरच्यापेक्षा किंचितच वर किंवा किंचितच खाली ठेवावं, असं तो म्हणतो. सगळी गंमत त्या 'किंचित' मध्ये आहे. बोलताना डोकं स्थिर ठेवा, स्थान वर जातं. चेहऱ्याला हात लावत बोला, खाली येतं. आपल्या प्रसंगात वडील खुर्चीतून न हलता डोकं स्थिर ठेवून बोलले आणि मुलगा कपाळ पुसत "जेवलोय मी" म्हणाला, तर एक दृश्य तयार होतं. आता उलट करा. मुलगा स्थिर, वडील सारखे चष्मा सारखा करताहेत. वाक्यं तीच, पण आता वडिलांना सगळं कळलेलं आहे आणि विचारायला तेच घाबरताहेत. मला दुसरं नाटक अधिक बघावंसं वाटतं. दिग्दर्शन करणाऱ्यांनी मात्र हागेनच्याही आधी 'इम्प्रो' घ्यावं. विनोदी नाटकवाल्यांनीसुद्धा.

राहिलं भरतमुनींचं नाट्यशास्त्र. "आपलं असताना परकं कशाला?" असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पण सगळे 36 अध्याय घेऊन बसलात तर रंगमंडपाच्या मोजमापात आणि छंदांतच हरवाल. नटाने सरळ सहाव्या आणि सातव्या अध्यायाकडे जावं, रस आणि भाव. मराठीत र. पं. कंगले यांचा 'रस-भाव-विचार' हा ग्रंथ याच दोन अध्यायांसाठी आहे. मूळ, अनुवाद, त्यावरचं अभिनवगुप्ताचं जुनं भाष्य, सगळं भारदस्त. प्रकाशक महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ.

सातव्या अध्यायात 8 स्थायी (टिकून राहणारे), 33 व्यभिचारी (येणारे-जाणारे) आणि 8 सात्त्विक (घाम, थरथर असे अंगावर उमटणारे) असे 49 भाव येतात. ही यादी पाठ करायला दिली जाते आणि तिथेच ती मरते. तिच्यात शोधायचं कसं ते बघा. 33 मधला एक भाव आहे अवहित्थ, म्हणजे आतलं लपवणं. लाज, भीती, पराभव, आदर, कपट अशा कारणांनी तो उपजतो. आणि तो दाखवायचा कसा? भलतंच काहीतरी बोलणं, नजर खाली, बोलणं मध्येच तोडणं, उसनं धैर्य. आपल्या मुलाची दोन्ही वाक्यं पुन्हा वाचा. "झोपला नाहीत अजून?" हे भलतंच बोलणं. "जेवलोय मी" हे बोलणं तोडणं. आजच्या वास्तववादी प्रवेशाला लागणारी कृतींची यादी तिथे तयार आहे. एवढं असूनही मी हे पहिलं पुस्तक म्हणत नाही, कारण नाट्यशास्त्र काय दिसावं ते नेमकं सांगतं, पण आजच्या नटाने एकट्याने तिथवर कसं पोचावं, यासाठी गुरू गृहीत धरतं. हागेनचे प्रश्न पचवून मग कंगले उघडा. फार मोठा फरक पडतो.

नटांच्या आत्मचरित्रांविषयी थोडक्यात. चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी', डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण', विजया मेहतांचं 'झिम्मा' ही तिन्ही वाचायचीच आहेत, पण तंत्राच्या पुस्तकाऐवजी नव्हे. 'बहुरूपी' मधून कंपनीच्या नाटकाचं सगळं जग कळतं, 'लमाण' मधून एका डॉक्टरने स्वतःला नट म्हणून कसं घडवलं ते. तिघांतून तालमीला सर्वाधिक उपयोगी 'झिम्मा', कारण बाई नाटक बसवण्याची प्रक्रिया आतून सांगतात.

आवाजाची जागा यांतलं एकही पुस्तक पुरती भरत नाही. सिसिली बेरी यांचं 'व्हॉइस अँड द ॲक्टर' (1973) श्वासासाठी उत्तम, पण त्यातले उच्चारांचे अभ्यास इंग्रजी वर्णांवर बेतलेले. आपले महाप्राण, 'चहा' आणि 'चमचा' यांतला वेगवेगळा च, 'ळ', यांना त्यात जागा नाही. यावर घरचा उपाय आहे: गडकऱ्यांचं 'एकच प्याला' किंवा 'राजसंन्यास' काढा आणि एकेक लांब वाक्य एका श्वासात, शेवटचा शब्द न गिळता, रोज पंधरा मिनिटं मोठ्याने म्हणा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी बसवा. वाक्याचं शेवटचं क्रियापद त्याला ऐकू आलं नाही की तिथेच थांबवायला सांगा आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्या.