फुल टाइम प्रो की नोकरी सांभाळून टूर्नामेंट? फायटिंग गेमवाल्यांनी ठरवण्याआधी हे वाचा

हा प्रश्न मला सारखा येतो. ऑनलाइन रँक मास्टर ह्या वरच्या पायरीच्या पुढे गेली, लोकल टूर्नामेंट दोन-चार जिंकल्या, आता नोकरी किंवा कॉलेज सोडून पूर्णवेळ स्ट्रीट फायटर नाहीतर टेकन खेळू का? मी स्वतः नऊ वर्षं नोकरी करत करत टूर्नामेंटच्या ब्रॅकेट (बाद फेरीच्या लढती) खेळलोय, आणि माझ्याबरोबर सुरुवात केलेले दोघं फुल टाइम गेले, त्यातला एक अजून टिकून आहे, म्हणजे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुझा प्रवासखर्च दुसरं कोणीतरी लेखी कबूल करून उचलत नाही तोवर नोकरी सोडू नकोस. तू किती चांगला खेळतोस हा मुद्दा त्याच्या नंतरचा.

आधी पैसा, कारण सगळे इथेच फसतात

स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमच्या २०२४ च्या कॅपकॉम कपमध्ये तैवानच्या उमाला १० लाख डॉलर मिळाले, २०२५ ला जपानच्या काकेरूलाही तेवढेच. हे आकडे खरे आहेत आणि ते बघून कोणाचंही डोकं फिरेल, पण ती रक्कम जगात वर्षाला एकाच माणसाला मिळते आणि त्याच्या खाली बक्षीस भराभर उतरत जातं. २०२३ च्या इव्होला, म्हणजे फायटिंग गेमच्या सगळ्यात नावाजलेल्या टूर्नामेंटला, स्ट्रीट फायटर ६ मध्ये ७ हजारांच्या वर एंट्री होत्या, जिंकला यूएईचा अँग्रीबर्ड. बाकीच्यातले बहुतेक जण स्वतःच्या खर्चाने आले आणि रिकाम्या हाताने परत गेले.

आता फॉरमॅट बघ. डबल एलिमिनेशन, म्हणजे दोन सेट हरलास की बाहेर. सुरुवातीच्या राउंडला दोन गेम जिंकले की सेट संपतो. म्हणजे दोन वेळा २-० ने हरलास तर व्हिसा, विमान, हॉटेल, एंट्री फी एवढं सगळं करून तू एकूण चार गेम खेळलास, पंधरा मिनिटंसुद्धा नाही. नोकरीवाल्याचं असं झालं तर वाईट वाटतं, सोमवारी तो कामावर जातो आणि महिनाअखेर पगार येतो. फुल टाइमवाल्याचा तो अख्खा महिना गेला.

आणि जिंकलं म्हणजे पैसे आलेच असंही नाही. जपानच्या मोमोचीने २०१९ ला टोकियो गेम शोमधली कॅपकॉमची टूर्नामेंट जिंकली, बक्षीस ५० लाख येनचं होतं, पण तिथल्या ई-स्पोर्ट्स संघटनेचं प्रो लायसन्स त्याने घेतलेलं नव्हतं म्हणून हातात आले ६०,२०० येन. बक्षिसाचे नियम, टॅक्स, रक्कम कधी जमा होणार, हे एंट्री भरतानाच वाचायचं. आपल्यातले निम्मे जण ते वाचत नाहीत.

मग टीमचा पगार?

हो, फुल टाइमचा खरा पाया तोच. २०१० ला जपानच्या दाइगो उमेहाराला कंट्रोलर बनवणाऱ्या मॅड कॅट्झ कंपनीने स्पॉन्सर केलं तिथून ह्या खेळात प्रो म्हणून जगण्याची वाट नीट सुरू झाली असं म्हणता येईल. तीच कंपनी २०१७ ला दिवाळखोरीत गेली. एको फॉक्स ह्या टीमने एका वेळी टोकिडो, सॉनिकफॉक्स, जस्टिन वाँग असे एकाहून एक खेळाडू घेतले होते, ती टीम २०१९ ला बंद पडली. ही एवढी मोठी नावं होती म्हणून त्यांना लगेच दुसरी दारं उघडली, तुझ्यामाझ्यासाठी कोण उघडणार?

म्हणून ऑफर आली की हुरळून जाऊ नकोस, विचार की महिन्याला ठरलेली रक्कम किती, वर्षाला किती टूर्नामेंटचा प्रवास ते देणार, बक्षिसातला किती टक्के कापणार, आणि स्ट्रीमिंगचे किती तास मागतायत. हे शेवटचं सगळ्यात जास्त नडतं. माझ्या मित्राला आठवड्याला ठरावीक तास लाइव्ह असायला लागायचं आणि त्या तासात तो नवीन काही लॅब (ट्रेनिंग मोडमध्ये शोधून सराव) करूच शकत नव्हता, कारण प्रेक्षकांना ट्रेनिंग मोड बघायला कंटाळा येतो.

सरावाचा वेळ: इथे फरक वाटतो तेवढा नाही

लोकांना वाटतं फुल टाइम म्हणजे दहा तास खेळणं. मी सांगतो काय होतं, चार-पाच तासांनंतर बोटं चालतात पण डोकं बंद होतं, मग रँक्डमध्ये ऑटोपायलटवर मॅचेस आणि त्याच चुका पक्क्या. याउलट कामावरून आल्यावरची चाळीस मिनिटं नीट वापरली तर खूप होतं. माझा ड्रिल असा असायचा, ट्रेनिंग मोडमधल्या डमीला तीन रेकॉर्डिंग द्यायची, एकात ड्राइव्ह इम्पॅक्ट (स्ट्रीट फायटर ६ मधला एक जोरदार फटका), एकात थ्रो (पकडून फेकणं), एकात साधी जॅबची स्ट्रिंग (हलक्या ठोशांची मालिका), आणि रँडम प्लेबॅक. ड्राइव्ह इम्पॅक्टचा स्टार्टअप, म्हणजे फटका लागण्याआधीचा वेळ, २६ फ्रेमचा, गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे तुझ्याकडे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. समोर फक्त तेच येणार हे माहीत असलं की कोणीही उलटा इम्पॅक्ट मारतो, पण थ्रोची भीती डोक्यात असताना तो दिसायला लागला की समजायचं रिअ‍ॅक्शन आली. ह्याला नोकरी सोडावी लागत नाही.

नोकरीवाला कमी पडतो तो समोरच्या खेळाडूंमध्ये, आणि हा फरक मोठा आहे. फुल टाइमवाला वेगवेगळ्या रीजनमध्ये जाऊन महिनाभर राहू शकतो, फर्स्ट टू टेनचे (आधी दहा गेम जिंकेल तो) सेट खेळू शकतो, मॅच संपल्यावर समोरच्याला विचारू शकतो की त्या ठिकाणी तू का थांबलास. नेटकोड (गेमची ऑनलाइन जोडणी सांभाळणारा भाग) कितीही चांगला असला तरी लांबच्या रीजनमधल्या खेळाडूबरोबर ऑनलाइन तसा सराव होत नाही. लाहोरचा अर्सलान अ‍ॅश बघ, २०१९ ला व्हिसा आणि विमानांच्या गोंधळातून कसाबसा इव्हो जपानला पोचला आणि टेकन ७ जिंकला, त्याच वर्षी लास वेगासचा इव्होही जिंकला. पाकिस्तानात टेकनचे किती तगडे खेळाडू आहेत हे जगाला तेव्हा कळलं, आणि आतिफ बटने टेकन वर्ल्ड टूरची फायनल जिंकल्यावर कोणाला शंकाच उरली नाही. तुझ्या आसपास रोज तुला हरवणारे पाच-सहा जण असतील तर नोकरी करत करतही तू खूप वर जाशील. नसतील तर मात्र फुल टाइमचा विचार करायला हे खरं कारण आहे, एवढं मी मान्य करतो.

डोक्यावरचं ओझं

माझा तो मित्र एका मेजरला (मोठ्या टूर्नामेंटला) लूझर्समध्ये होता, म्हणजे एक सेट आधीच हरलेला, पूलमधून (सुरुवातीच्या गटातून) बाहेर पडायला एक सेट बाकी, शेवटचा गेम. ड्राइव्ह गेज (खास चालींसाठी लागणारी ताकद) संपलेला, म्हणजे बर्नआउट, पाठ कोपऱ्याला, आणि समोरच्याने ड्राइव्ह इम्पॅक्ट मारला. त्या जागी ब्लॉक केलं तरी भिंतीवर आपटून स्टन होतोस हे त्याला झोपेतही माहीत होतं. त्याने ब्लॉक केलं. मी मागेच उभा होतो, लिव्हरलेसवरची (नुसत्या बटणांच्या कंट्रोलरवरची) त्याची बोटं दिसत होती, हललीच नाहीत. नंतर म्हणाला, "अरे त्या क्षणी मी घरभाड्याचा हिशोब करत होतो." तो चांगला खेळाडू होता, माझ्याहून कितीतरी चांगला, आणि पुढच्याच वर्षी त्याने खेळणं सोडलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

घाई नाहीये, हे कोणी सांगत नाही

"आत्ता नाही गेलो तर वय निघून जाईल" हे मला पटत नाही. ह्या खेळात मॅचअपचं (कोणतं कॅरेक्टर कोणाविरुद्ध कसं खेळायचं ह्याचं) ज्ञान आणि समोरच्याला वाचणं इतकं मोठं आहे की लोक चाळिशीतही टॉपला खेळतात. दाइगोचंच घे, जन्म १९८१ चा. २००४ च्या इव्होला जस्टिन वाँगच्या चुन-ली ह्या कॅरेक्टरचा पूर्ण सुपर (सगळ्यात मोठा हल्ला) त्याने केन घेऊन पॅरी केला, म्हणजे एकेक फटका परतवला, ती क्लिप सगळ्यांनी बघितलीय, पण त्यानंतर तो गेमिंग सोडून माहजोंगकडे गेला, मग वृद्धांच्या देखभालीची नोकरी केली, आणि स्ट्रीट फायटर ४ आल्यावर परत येऊन प्रो झाला. टोकिडो टोकियो विद्यापीठातून डिग्री घेऊन प्रो झाला आणि २०१७ ला इव्हो जिंकला. त्या फायनलला हरलेला पंक २०२४ ला चॅम्पियन झाला, मध्ये सात वर्षं गेली.

स्ट्रीमिंग आणि कोचिंग हा तिसरा पर्याय, दोन्हींबरोबर जमतो, पण बोलायची आवड नसेल तर त्याच्या भरवशावर राहू नकोस.

अजूनही ठरत नसेल तर आधी वर्षभरात स्वतःच्या रीजनबाहेरच्या तीन ऑफलाइन टूर्नामेंट रजा टाकून खेळ, आणि प्रत्येक वेळी कुठे बाहेर पडलास, कोणत्या कॅरेक्टरकडून आणि कशाने, हे त्याच रात्री लिहून ठेव. तिन्ही वेळा पूल पार केलेस तर मग टीमशी बोल, आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल तर आधी बिनपगारी रजा मागून बघ, थेट राजीनामा नको. काँट्रॅक्ट हातात आलं की टीम बंद पडल्यास राहिलेला पगार आणि बक्षिसाचे पैसे कोण देणार ते त्यात शोध. लिहिलेलं नसेल तर लिहून दिल्याशिवाय सही करू नकोस.