कागद खरा होता, तरी मी फसले (फायटर जेट डीलच्या नावाने चाललेला फ्रॉड)

आधीच सांगते, मला कोणी खोटं सरकारी पत्र दाखवलं नाही. जे दाखवलं ते खरंच होतं, आणि त्यामुळेच मी अडकले.

जानेवारी २०२४ ची गोष्ट. तुर्कस्तानने स्वीडनच्या नाटो प्रवेशाला एकदाची मान्यता दिली आणि लगेच दोन-तीन दिवसात अमेरिकेने त्यांच्या एफ-१६ लढाऊ विमानांची अडकलेली फाईल पुढे सरकवली. ४० नवीन विमानं, जुन्या ७९ विमानांसाठी अपग्रेड किट, सोबत मिसाईल्स, सगळं धरून २३ अब्ज डॉलर. मला या विषयाची आधीपासून आवड, त्यामुळे ओळखीच्या एकीने 'डिफेन्स इन्व्हेस्टर्स' टाईपच्या ग्रुपमध्ये ॲड केलं तेव्हा खूशच झाले. तिथले 'सर' म्हणाले की अपग्रेड किटचे पार्ट बनवणारी एक छोटी कंपनी आहे, ऑफसेटचं काम तिलाच मिळणार, तिचे अनलिस्टेड (म्हणजे शेअर बाजारात अजून न आलेले) शेअर आत्ता मिळतायत. ऑफसेट म्हणजे विमान विकणाऱ्या कंपनीने घेणाऱ्या देशाला काम किंवा गुंतवणूक परत द्यायची, हा प्रकार खरा असतो, म्हणून ऐकायला पटलं.

मी काही अगदीच बावळट नाही हो. सरांनी लिंक दिली ती उघडून बघितली. पेंटॅगॉनची जी डीएससीए नावाची एजन्सी हे व्यवहार बघते तिचीच साईट, पत्ता डॉट मिल, आकडे जसेच्या तसे. झालं, माझी शंका तिथेच मेली. व्यवहार खरा आहे हे तपासलं आणि कंपनी खरी आहे का हे तपासायचं राहूनच गेलं, आता विचार केला की स्वतःचाच राग येतो.

त्यात त्यांनी घाई लावली. 'नाटो देश आहे, अमेरिकन काँग्रेसकडे (तिथल्या संसदेकडे) फक्त १५ दिवस आहेत, तेवढ्यात अडवलं नाही तर भाव तिप्पट.' हे १५ दिवसही खरे! नाटो आणि जपान, ऑस्ट्रेलिया, इस्रायल वगैरे जवळच्या देशांसाठी १५, बाकीच्यांना ३०. मी तीन हप्त्यात पैसे टाकले, आठ महिन्यांचा पगार. मुदत संपली, काँग्रेसने काही अडवलं नाही आणि त्यांच्या ॲपवर माझे पैसे दुप्पट दिसायला लागले.

काढायला गेले तर म्हणे ३.२ टक्के 'सरकारी प्रशासकीय शुल्क' भरा. मी परत सर्च केलं (शहाणी!) आणि ३.२ टक्के खरंच सापडलं. अमेरिकेच्या सरकारी शस्त्रविक्रीवर तेवढा चार्ज लागतो. फक्त तो विमान घेणारं सरकार अमेरिकन सरकारला देतं, कुणा शेअरवाल्या बाईने ॲपमध्ये भरायचा नसतो. पण आकडा जुळला ना, भरले. मग 'एंड यूज सर्टिफिकेट'ची फी. तेव्हा मात्र डोक्यात उजेड पडला, कारण ते सर्टिफिकेट शस्त्र दुसऱ्याला देणार नाही यासाठी असतं, आणि माझ्याकडे कुठलं शस्त्र? विचारल्यावर रात्रीतून ग्रुप गायब, ॲपही उघडेना. तक्रार केलीये, पैसे काही आले नाहीत.

नंतर त्या साईटवरची ती नोटीस पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. खाली सरळ लिहिलेलं असतं की दिलेली रक्कम ही जास्तीत जास्त अंदाज आहे, प्रत्यक्ष करार झाला तर त्यापेक्षा कमी भरेल. म्हणजे ही ऑर्डर नाहीच, विकायला हरकत नाही एवढंच. खरा व्यवहार दोन्ही सरकारं ऑफर लेटरवर सह्या करतात तेव्हा, आणि त्यानंतर अमेरिकन सरकार कंपनीला काम देतं, मध्ये ग्रुपवाल्या सरांची जागाच नाही. फिनलंडचं बघा, ऑक्टोबर २०२० ला एफ-३५ साठी १२.५ अब्ज आणि सुपर हॉर्नेट या दुसऱ्या लढाऊ विमानासाठी १४.७ अब्ज अशा दोन्ही नोटिसा निघाल्या होत्या, त्यांना घ्यायचं होतं एकच. डिसेंबर २०२१ मध्ये एफ-३५ निवडलं, दुसरे १४.७ अब्ज कागदावरच राहिले. आणि आमच्या सरांची ती ७९ किट? नोव्हेंबर २०२४ ला तुर्कस्तानने स्वतःच सांगितलं की किट नकोत, आम्हीच करू, आणि २३ अब्जाचे झाले ७. म्हणजे ती कंपनी खरी असती तरी मी बुडालेच असते.

बाकी तुर्कस्तानही काही कमी पोळलेलं नाही. एफ-३५ साठी १.४ अब्ज डॉलर भरून बसले, मग रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली म्हणून २०१९ ला प्रोग्राममधून काढलं, विमानं अमेरिकेतच राहिली. त्यांच्याकडे निदान भांडायला राजदूत आहेत.

परवा परत एका ग्रुपमध्ये कोणीतरी ॲड केलंय. या वेळी मिसाईल, देश दुसरा, सर दुसरे, लिंक त्याच साईटची. फी मात्र ३.५ टक्के सांगतायत. तो २०१८ च्या आधीचा रेट आहे, बहुतेक जुनी पीडीएफ हाताला लागलीये. स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडलेत आणि ग्रुपमध्ये दिसतायत त्या सगळ्यांना एकेक करून मेसेज टाकतेय.