स्नेअर लिहिला, शिट्टी वाजली: नवीन इन्स्ट्रुमेंट घ्यायचं की मॅप दुरुस्त करायचा?

परवा नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये (स्वरलिपी लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) ड्रमचा भाग लिहून प्लेबॅक लावला तर स्नेअर ड्रमच्या जागी चक्क शिट्टी! स्नेअर लिहितात स्टाफच्या (पाच रेघांच्या) तिसऱ्या घरात, पण ट्रेबल क्लेफमध्ये तिथला स्वर म्हणजे मिडी ७२ (मिडीत प्रत्येक स्वराला एक नंबर असतो), आणि जनरल मिडीच्या (कुठल्या नंबरला कुठला आवाज हे ठरवणाऱ्या स्टँडर्डच्या) १० नंबर चॅनेलवर, म्हणजे ड्रमच्या चॅनेलवर, ७२ ला लांब शिट्टी असते, स्नेअर ३८ वर, म्हणजे माझा ड्रम मॅप (स्टाफवरची कुठली जागा म्हणजे कुठला ड्रम, याची यादी) लागलेलाच नव्हता.

आता एक तर सॉफ्टवेअरमध्येच ड्रमसेट इन्स्ट्रुमेंट नवीन घ्या, मॅप आयता मिळतो पण जुनं पेस्ट केलं की नोटा भलतीकडे जाऊ शकतात, मग बसा परत लिहीत. नाहीतर मॅपच हाताने भरा, किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडा ४६, कंटाळवाणं आहे पण लिहिलेलं हलत नाही.

चारच बार (तालाची आवर्तनं) लिहिलेले असतील तर नवीन घ्या, शंभर झाले असतील तर मी डोळे झाकून मॅप भरेन. आणि हो, ड्रमऐवजी पियानो वाजत असेल तर आधी चॅनेल बघा.