घर पेडण्यात की बांद्यात?

नोकरी म्हापशाला असेल तर गोव्यातलं पेडणे आणि महाराष्ट्रातलं बांदा, दोन्ही गावं जाण्या-येण्याच्या टप्प्यात. पत्रादेवीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, आणि खर्चाचं गणितही.

बांद्यात जागेचा दर कमी. नोंदणी शुल्क 1 टक्का, तेही जास्तीत जास्त 30,000 रुपये. गोव्यात अशी मर्यादा नाही. घर जितकं महाग तितकं शुल्क चढत जातं. रोजच्या खर्चात मात्र गोवाच स्वस्त: वीज आणि पेट्रोल दोन्ही.

खरी गोम कागदांत. बांद्यात सातबारा आणि जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद बघायचा. शेतजमीन घ्यायची तर आधी स्वतः शेतकरी असावं लागतं. पेडण्यात एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) आणि सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याची परवानगी. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसांची इन्व्हेंटरी (मालमत्तेची कायदेशीर वाटणी) झाली का ते विचारा, नाहीतर पैसे दिल्यावर एखादा वारस मुंबईहून उगवतो. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यामुळे विकणाऱ्याच्या नवऱ्याची किंवा बायकोची सहीही लागते. बरेच व्यवहार तिथेच अडतात. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, कायद्याचं संरक्षण असलेला माणूस, आहे का, हे कागदावर नव्हे, जागेवर जाऊन बघावं. आणि स्वस्त मिळतेय म्हणून भातशेती घेऊ नये: 2023 च्या कायद्याने ती बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी आहे.