क्रिमिनॉलॉजीची डिग्री, वकिली की पोलीस भरती: पैसे कुठं लावायचे?

जून लागला की माझ्या दुकानात दोन तऱ्हेचे कागद येतात, पीककर्जाचे आणि कॉलेजच्या ॲडमिशनचे. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. बरेचदा दोन्ही कागद एकाच पिशवीतून निघतात. परवा एका भाऊंनी खासगी कॉलेजचं चकचकीत माहितीपत्रक काउंटरवर ठेवलं. 'बी.ए. क्रिमिनॉलॉजी अँड क्रिमिनल जस्टिस', म्हणजे गुन्हेगारीशास्त्राची पदवी, वर खाकीतला हसरा तरुण. मागच्या पानावर त्यांनीच पेनानं लिहिलं होतं: 95,000 गुणिले 3.

"इथं शिकला का पोरगा फौजदार होते ना भाऊ?"

होईलही, पण या डिग्रीमुळे नाही. पोलीस शिपायाला बारावी पुरते. पीएसआयला, म्हणजे फौजदाराला, कोणतीही पदवी चालते, इतिहासाचा बी.ए. आणि क्रिमिनॉलॉजीचा बी.ए. एमपीएससीच्या दारात सारखेच. शिपाई भरतीत एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्राला बोनस गुण आहेत, या डिग्रीला नाहीत. अमेरिकेत काही पोलीस खात्यांना भरतीसाठी कॉलेजचं शिक्षण लागतं, म्हणून तिथं या विषयाला बाजार आहे. आपल्याकडं नुसतं नाव आलं.

आता हिशेब. फी 2,85,000. नागपूरला खोली-मेसचे महिन्याला सहा हजार धरले, वर्षाचे दहा महिने, तर तीन वर्षांचे 1,80,000. एकूण 4,65,000. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 8,110, म्हणजे साधारण 57 क्विंटल कापूस. आपल्या कोरडवाहूत एकराला चार-पाच क्विंटल निघाला तर बारा एकरांचं सगळं पीक, आणि त्यात बियाणं, फवारणी, वेचाई अजून धरलेलीच नाही. भाऊंकडं पाच एकर.

पोलीस भरतीत कॉलेजच्या फीचा प्रश्नच नाही. गावातल्या रस्त्यावर पहाटे पळायचं, बूट आणि पुस्तकं घ्यायची. मुलांना 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत काढले तर 20 पैकी 20, मग 100 मीटर आणि गोळाफेक. मैदान 50 गुणांचं, लेखी 100 चं. शिपायाची वेतनश्रेणी 21,700 पासून, महागाई भत्ता धरून हातात तीस-पस्तीस हजार येतात. नोकरी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून काही हजारांत बी.ए. होतं आणि पीएसआयचा रस्ता उघडा राहतो. पीएसआयची सुरुवात 38,600 ला. पण लागलं तर लागलं. एकेका जागेमागं किती पोरं धावतात ते भरतीच्या दिवशी मैदानाबाहेर उभं राहून बघा. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांचं प्रशिक्षण फुकट असतं, त्याचा फॉर्म मात्र वेळेत भरा. दरवर्षी दोघं-तिघं मुदत संपल्यावर येतात आणि माझ्यावरच चिडतात.

वकिलीचं गणित उलटं आहे. शिक्षण तितकं महाग नाही, शिकून झाल्यावरची वर्षं महाग. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन, दोन्हीला सीईटी. वकिलीची सनद घ्यायला आता खुल्या गटाला 750 आणि एससी-एसटीला 125 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी लावता येत नाही, हा सुप्रीम कोर्टाचा जुलै 2024 चा निकाल. तालुका कोर्टात मात्र सिनियरकडं सुरुवातीला पाच-सात हजार मिळाले तरी नशीब. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायचं तर मे 2025 पासून तीन वर्षांची वकिली सक्तीची. तिथं सुरुवात 77,840 ला, पण तोवर घर कोण चालवणार ते आधी ठरवा. मुलगी असेल तर वकिलीचं पारडं जड होतं: सरकारी प्रवेश फेरीतून सीट घेतली आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर 2024 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. खासगी विद्यापीठांना ती माफी लागू नाही, हे माहितीपत्रकात कुठंच लिहिलेलं नसतं.

गुन्ह्याच्याच विषयात डिग्री हवी असेल तर मी फॉरेन्सिककडं, म्हणजे पुराव्यांच्या वैज्ञानिक तपासणीकडं, बोट दाखवतो. नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, बारावी सायन्स लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. सरकारी प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायकाची श्रेणी 35,400 पासून. पण त्या रांगेत केमिस्ट्रीवालेही असतात आणि जाहिरात दरवर्षी निघत नाही. पुढं एम.एस्सी. करायची तयारी असेल तरच यात पडा.

भाऊंचा पोरगा मागं मोबाइल बघत उभा होता. त्याला दाराच्या चौकटीला टेकवलं, डोक्यावर वही ठेवली आणि पेन्सिलीची खूण करून टेप लावला. 162. शिपाई असो की फौजदार, मुलांना 165 लागते. तो अठरा पूर्ण झालेला, गेल्या वर्षीही तेवढाच होता म्हणाला.

भाऊ टेपकडं बघत राहिले. मग माहितीपत्रक उलटं करून पेन माझ्यापुढं सरकवला. "त्या नागपूरवाल्या सरकारी कॉलेजचं नाव लिहून द्या बरं."