रोमकरांस पत्रावरील सहा शुक्रवारांचा मराठी वर्ग, इंदूर : अभिप्राय

यंदाच्या उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) मल्हारगंजजवळच्या एका लहान सभागृहात बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या ते आठव्या अध्यायांवर दर शुक्रवारी संध्याकाळी वर्ग भरला. पुस्तिकेचे दीडशे रुपये वगळता शुल्क नव्हते आणि शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला सगळे जण नुसते 'बाई' म्हणत. आमच्या घरी बोलणे मराठीत आणि मंडळीत (चर्चमध्ये) उपासना हिंदीत, त्यामुळे 'दण्ड की आज्ञा नहीं' हे आठव्या अध्यायातले पहिले वचन मला लहानपणापासून हिंदीतच पाठ होते. बाईंनी फळ्यावर 'दंडाज्ञा' हा एकच शब्द लिहून त्यावर पाऊण तास घालवला, आणि माझ्या मते या वर्गाचे सर्वांत मोठे श्रेय त्या पाऊण तासाला आहे.

मूळ ग्रीक शब्द 'कटाक्रिमा' हा न्यायालयातला, शिक्षा ठोठावणाऱ्या निकालाचा शब्द आहे, हे त्यांनी आधी समजावले. ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यावर आता असा निकाल उरलेला नाही, एवढेच पौल तेथे सांगतो. मनातली टोचणी त्याच क्षणी थांबेल, असे तो म्हणत नाही. मन टोचते आहे, तेव्हा देवाने क्षमा केलेली नसणार, असा उलटा हिशेब मांडणाऱ्या माझ्यासारख्याला हा फरक कोणी तरी पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवा होता. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) पाप पदरी घेणाऱ्याला, म्हणजे ते कबूल करणाऱ्याला, क्षमा करणारा देव विश्वसनीय आणि न्यायी आहे, असे म्हटले आहे. 'दयाळू' हा शब्द तेथे अपेक्षित असताना 'न्यायी' का आला, असे विचारून बाईंनी उत्तर आमच्याकडूनच काढून घेतले : दंड येशूच्या वधस्तंभावर भरला गेला असेल, तर तो दुसऱ्यांदा वसूल करणे हाच अन्याय ठरेल.

पापाच्या सत्तेचा भाग तितकाच नेटका होता. सहाव्या अध्यायात पौल पापाला आधी राजा आणि मग दासांचा धनी म्हणून उभे करतो. 'पापाचे वेतन मरण आहे' या तेविसाव्या वचनातील 'वेतन' हा शब्द तर शिपायांना मिळणाऱ्या शिध्या-पगाराचा आहे. चाकरी बदलली तरी जुन्या धन्याची हाक कानावर पडली की पाय आपोआप उठतात, ही सवय मोडायला आयुष्य लागते, पण हाक मारण्याचा त्याचा अधिकार संपलेला आहे, असे बाईंनी सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचे एक मिलमधून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "गिरणी बंद झाल्यावरही मी कित्येक महिने भोंग्याच्या वेळेला उठत होतो." एवढे चपखल उदाहरण पुस्तिकेत एकही नाही.

चौथ्या शुक्रवारी माझी स्वतःचीच परीक्षा झाली. वडिलांचे घर विकताना मी दादाला किंमत दोन लाखांनी कमी सांगितली होती, आणि त्यानंतर दर प्रभुभोजनाच्या वेळी देवापुढे तेच कबूल करत आलो होतो. वर्ग संपल्यावर मी ते बाईंना सांगितले. त्या चहाचे कप गोळा करत होत्या, हात न थांबवता त्यांनी विचारले, "दादांना सांगितलंत का?" मग लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराची आठवण दिली : त्याने चौपट परत करण्याचे कबूल केले, ते येशू त्याच्या घरी उतरल्यानंतर, त्याला घरी बोलावून घेण्याची किंमत म्हणून नव्हे. क्षमेचा आधार घेऊन दुसऱ्याचे देणे बुडवता येत नाही, हे इतक्या रोखठोकपणे कोणी शिकवल्याचे मला आठवत नाही. पुढच्या रविवारी मी देवासला दादाकडे गेलो.

उणिवाही आहेत. सातव्या अध्यायाला, म्हणजे करावेसे वाटते ते होत नाही आणि नको ते होते या पौलाच्या आक्रोशाला, एकच संध्याकाळ दिली गेली. तेथे बोलणारा 'मी' विश्वासात येण्यापूर्वीचा की नंतरचा, या प्रश्नावर चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन यानेही पुढे आपले मत बदलले होते. त्या वादाला किमान दोन शुक्रवार हवे होते. वारंवार त्याच व्यसनाकडे वळणाऱ्या माणसाला त्या घाईत विशेष काही हाती लागले नसेल. पुस्तिकेची छपाई फिकट असून काही वचनांचे क्रमांक चुकले आहेत, आणि सभागृहातला एकुलता एक पंखा शिकवणाऱ्याच्या डोक्यावर आहे. नियमशास्त्र, कृपा, पवित्रीकरण हे शब्द पूर्वी कानावरून न गेलेल्यांनी आधी पत्राचे पहिले पाच अध्याय वाचून यावे, कारण मागचे पुन्हा सांगायला बाई थांबत नाहीत.

पुढचा वर्ग गलतीकरांस पत्रावर आहे. मी माझे नाव दिले आहे आणि दादालाही विचारले आहे; शुक्रवारी देवासहून यायला जमेल की नाही, हे त्याने अद्याप कळवलेले नाही.